चीक आधी गळू द्यावा

उपकेंद्राच्या फाटकाशी, रंगाच्या फुटक्या डब्यात
ही कोरफड कुणी लावली, मला ठाऊक नाही.
माझ्याआधीच्या सिस्टरनं लावली असेल,
किंवा तिच्याआधीच्या.
स्टॉकबुकात हिचं नाव नव्हतं,
पण चार्ज घेतला तेव्हा हीही माझ्याकडं आली.

गोळ्या घेऊन माणसं बाहेर पडतात
आणि जाताना एक पान मोडतात,
औषधासोबत तोंडी लावायला असावं तसं.

गुंफाबाई नेहारेला गुडघ्यासाठी लागतं.
पान उभं चिरायचं, हळद भुरभुरायची,
तव्यावर शेकून फडक्यानं बांधायचं.
"गुण येतो का?" मी विचारते.
"येते नं बाई. बांधलं का सून काम नाई सांगत."

भजेवाला दौलत मे महिन्यात तेलानं पोळला.
धावत आला, आणि माझ्याकडं न बघता
सरळ डब्याशी उकिडवा बसला.
वीस मिनिटं थंड पाण्याखाली हात धर, म्हटलं.
नळाला पाणी नव्हतं.
माठातलं ओतलं, ते पाच मिनिटं पुरलं.
मग मीच पान मोडून दिलं.

पंचफुलाचं पोरगं अडीच वर्षांचं झालं तरी अंगावरचं सोडेना.
तिनं छातीला कोरफड चोळली.
पोरानं तोंड लावलं, थुंकलं,
आणि तिच्याकडं असं पाहिलं म्हणे
की आईच्या जागी दुसरंच कुणी येऊन बसलंय.
"रातभर तो रडला का मी, आठवत नाई बाप्पा."
मी लिहिलं: स्तनपान बंद, महिने तीस.
कडू कुणाला लागलं
ते लिहायला रकाना नाही.

चौकातला धीरज बाटल्या विकतो, हिरव्या झाकणाच्या,
लिटरला साडेसहाशे.
शुगर, मूळव्याध, कावीळ, केसगळती, निराशा,
सगळं एका कागदावर मतदार यादीसारखं.
"मॅडम, तुम्ही शब्द टाकला तं लोक घेतील. तुमचंही पाहून घेऊ."
मी डब्याकडं बोट दाखवलं.
तो हसला. गालावरच्या मुरमांवर
सकाळी लावलेला फुकटचा गर वाळून चकाकत होता.

परवा कातरवेळी कुलूप लावत होते,
तेव्हा ती आली. नाव लिहीत नाही.
सायकल कुंपणाबाहेर, ओढणी तोंडाला गुंडाळलेली,
उन्हासाठी गुंडाळतात तशी.
ऊन केव्हाच उतरलं होतं.
"एक पान पाह्यजे होतं. केसायसाठी."
वेणी मनगटाएवढी, तेल चोपडलेली, कंबरेखाली.
"एकच?"
"चार-पाच असन तं..."
"गर हवा की चीक?"
ती डब्याकडंच पाहत राहिली.

मोडलेल्या पानातून आधी पिवळं उतरतं.
गर मागून येतो.
हे पिवळं गावातल्या बायकांना माहीत असतं,
न्हाणीघराच्या आडोशाला, आवाज खाली आणून.
पोटात उठलेली कळ कुठं जाऊन थांबते
ते मात्र त्यांनाही माहीत नसतं.
मारेगावला असताना मी एक पाहिली होती,
जुलाबांनी गळालेली, पदर तोंडात कोंबलेली.
ज्यासाठी प्यायली
ते तसंच होतं.

मी कुलूप परत काढलं.
ट्यूब तीनदा फडफडून लागली.
टेबलावरचं रजिस्टर खणात सरकवलं,
तिला दिसेल असं.
"बस," म्हटलं. "केसांचं मागून बघू.
आधी किती दिवस झाले ते सांग."

बराच वेळ ती बसली नाही.
मग बसली, खुर्चीच्या अगदी काठावर,
एस्टीत तिकीट नसलेलं माणूस बसतं तशी.
आणि ओढणी सोडली.

सकाळी पाहिलं तर एक पान अर्धं मोडून लोंबत होतं.
खाली सिमेंटवर चिकाचा ठिपका, वाळून काळपट.
मुंग्यांची रांग त्याला वळसा घालून चालली होती.

गुरुवारी सातच्या गाडीनं आम्ही दोघी वणीला जाऊ.
गुंफाबाईला सांगून ठेवलंय, मीटिंग आहे.
पान हवं तर मोडून ने,
पण उभं ठेव जरा वेळ भिंतीशी,
चीक आधी गळू दे.